मिठाला वास नसतो

"मॅडम, गाडी दीड मीटर मागे घ्या. हद्द तुमच्या चुलीखालून जातेय."

हे वाक्य बोलणाऱ्या माणसाच्या मी प्रेमात पडेन, असं त्या सकाळी मला कुणी सांगितलं असतं तर हातातला कालथा मी आधी त्या सांगणाऱ्याच्याच डोक्यात घातला असता.

जानेवारीतली सकाळ होती. रत्नागिरीजवळ भाट्याच्या सुरूच्या बनाला लागून माझी निळी गाडी उभी होती. गाडी म्हणजे चाकांवरचं स्वयंपाकघर, तिचं नाव 'मचवा'. आत दोन शेगड्या, एक तवा, एक मी, आणि मागच्या दाराशी मासे साफ करणाऱ्या गोदूबाई. बांगड्याचं तिखलं रटरटत होतं. आणि खिडकीसमोर हा उभा... उन्हाने रापलेला, डोक्यावर टोपी, हातात मोजणीचं यंत्र लावलेली उंच काठी. त्या काठीचं टोक त्याने बरोबर माझ्या मेनूच्या पाटीपुढे रोवलं होतं.

"चूल पेटलेली आहे," मी म्हटलं.

"मग विझवा."

"विझवली तर तुम्ही जेवाल कुठे?"

"मी जेवायला नाही आलो. मोजायला आलोय."

"उपाशी माणूस चुकीचं मोजतो. आधी खा, मग मोजा. मग बघू कोण मागे जातं ते."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग तिखल्याच्या भांड्याकडे. तिरफळाचा वास बाहेरपर्यंत गेला होता, त्यामुळे सरकारचं काही चाललं नाही. मी थाळी पुढे केली. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, डोळे मिटून खाल्ला. मी हाताची घडी घालून कौतुकाची वाट बघत राहिले.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"मीठ. एवढ्या भांड्याला... पाऊण चमचा."

मागे गोदूबाईंची सुरी थांबली. सहा वर्षं मी मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात शेफ होते. तिथे लोक माझ्या हाताखाली उभे राहायला घाबरायचे. आणि हा मोजणीवाला मला मीठ शिकवत होता! मी काहीतरी झणझणीत बोलणार होते. पण त्याच्या मागच्या बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाकडे माझं लक्ष गेलं. तो गुपचूप थाळीत मीठ भुरभुरत होता. मी भांड्यात पाऊण चमचा मीठ टाकलं.

मग गाडी दीड मीटर मागे घेतली.

आता कुणीही विचारेल, शेफला स्वतःच्या रश्श्यातलं मीठ कळू नये? कळलं असतं हो. पण मी तो चाखूच शकत नव्हते. त्याला कारण माझी आई.

गाडी सुरू केली त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. आई मला भैरीच्या देवळात घेऊन गेली, पुजाऱ्यांना गाऱ्हाणं घालायला सांगितलं, आणि ते थांबतायत न थांबतायत तोच स्वतःच हात जोडून मोठ्याने बोलली, "बा देवा, माज्या ज्ञानूची गाडी वरीसभर नीट चालूं दे. पुढच्या त्रिपुरीपर्यंत ती म्हावऱ्याला तोंड लावणार नाय!"

मी तिचे जोडलेले हात धरून खाली ओढले.

"आई, मी माशांची गाडी काढलीये!"

"म्हणूनच तर. नवसात आवडीचीच वस्तू सोडायची असते. दुसरं काय सोडणार होतीस, भेंडी?"

"मग तू सोड ना तुझं काहीतरी!"

"गाडी तुझी आहे, माझी नाही," असं म्हणून आईने, म्हणजे मालनबाईंनी, प्रसादाचा नारळ माझ्या हातात दिला. विषय संपला. नुसतं जिभेवर टेकवून थुंकलं तर चालेल का, असंही मी विचारून पाहिलं. "जिभेला लागलं म्हणजे लागलं," हा निकाल. भैरीबुवाला एक वेळ चुकवता आलं असतं, पण आईला नाही. एकदा कोळंबीच्या कालवणाचा चमचा ओठांपर्यंत नेला होता, तर त्याच क्षणी तिचा फोन आला. "काय करत्येस गो?" मी चमचा खाली ठेवला तो कायमचा.

मग चव बघणार कोण? आईला रक्तदाबामुळे अळणी खायची सवय, तिला सगळंच खारट लागायचं. बाबा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. राहिल्या गोदूबाई. त्यांचं आयुष्य मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकण्यात गेलं. पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावून त्यांच्या जिभेचं पार खोबरं झालेलं. काहीही द्या, त्यांचं उत्तर ठरलेलं, "बरां हाय गो." एकदा मी मुद्दाम नुसतं गरम पाणी दिलं. तेही बरां होतं.

दोन महिने मी नुसत्या अंदाजाने रांधत होते. गाडी चालत होती, पण धावत नव्हती. लोक नवं म्हणून यायचे. कोळंबी भरलेल्या उकडीच्या मुरडीच्या पुऱ्यांचे फोटो काढायचे. त्यांना मी 'मोदक' म्हटलं असतं तर अख्ख्या रत्नागिरीने मिळून मला गाडीसकट समुद्रात ढकललं असतं, म्हणून मेनूत 'मुरडीच्या पुऱ्या' लिहिलं होतं. फोटो काढून लोक जायचे, आणि पुन्हा काही यायचे नाहीत.

गाडी मागे घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मोजणीवाला परत आला. नाव सुजय. मंडणगड तालुक्यातल्या डोंगरातला, नोकरीमुळे रत्नागिरीत खोली घेऊन राहणारा.

"आज कुठली हद्द चुकली?" मी विचारलं.

"आज मोजणी नाही. कालच्या मिठाचं काय झालं, ते बघायला आलो."

मी त्याला खरं ते सांगितलं. नवस, आई, गोदूबाई, सगळं. तो हसेल म्हणून मी तयारीत होते, पण तो हसला नाही. डोंगरातल्या माणसाला नवस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

"मग रोज साडेनऊला येत जाऊ?" तो म्हणाला. "कामावर जाता जाता. एक घास. जे असेल ते सांगेन."

"जे असेल ते?"

"मॅडम, मी दिवसभर भावाभावांच्या बांधावर उभा असतो. एक इकडे ओढतो, एक तिकडे. खरं बोलायची सवय नसती तर एव्हाना मला दोघांनी मिळून बांधातच पुरलं असतं."

अशी माझ्या गाडीला जीभ मिळाली.

त्या जिभेचा हिशेब भूमापनासारखा काटेकोर होता. "कोकमाची सोलं दोन जास्त." "आलं आज कुठे राहिलं?" "हा बांगडा कालचा आहे." आणि कधीतरी, महिन्यातून एखाद्या वेळी, घास गिळल्यावर तो काहीच बोलायचा नाही, नुसता माझ्याकडे बघायचा. त्या दिवशी मला दुपारपर्यंत आठवून आठवून हसू यायचं आणि गोदूबाई विचारायच्या, "दात कशाला काढतंस गो उगाच?"

उन्हाळ्यात गाडीपुढे रांगा लागायला लागल्या. जून-जुलैत मासेमारी बंद झाली, ताजा मासा मिळेना, तेव्हा मला काळजी पडली. पण सुक्या मासळीत हा माझा गुरू निघाला. "डोंगरात ताजा मासा कोण आणून देतो? आम्ही सुकटीवर वाढलोय," म्हणत त्याने मला सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, कसे भाजायचे ते दाखवलं. पावसात जमिनीच्या मोजण्या थंडावतात, त्यामुळे घास खाऊन तो लगेच जायचा नाही. ताडपत्रीवर पाऊस वाजत राहायचा. तो खिडकीखालच्या बाकावर रेनकोटसकट बसून राहायचा, आणि मी उगाचच तीच ती कोथिंबीर चिरत राहायचे.

"तुम्ही एवढं बारीक का चिरता?" एकदा त्याने विचारलं.

"शेफ आहे मी."

"ती कोथिंबीर दिसायची बंद झालीये."

"तुम्ही तुमच्या चमच्यात बघा. माझ्या हाताकडे कशाला बघता?"

"बरं," तो म्हणाला, आणि तिकडेच बघत राहिला. मी चमचा द्यायला हात पुढे केला. त्याची ओली बोटं माझ्या बोटांना लागली आणि... चमचा पडला. दोघं एकदम तो उचलायला वाकलो. मी खिडकीच्या आत, तो बाहेर, त्यामुळे नुसतं कपाळ पत्र्यावर आपटलं. माझंच.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. गुरुवारी गाडीवर मासा नसायचा. काजूची उसळ, फणसाची भाजी, घावनं. त्याची चव मी स्वतः घेऊ शकत होते, त्या दिवशी मला कुणाच्या जिभेची गरज नव्हती. हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो गुरुवारीही बरोबर साडेनऊला यायचा. मी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. सोमवारी गाडी बंद असायची, आणि आठवड्यातला सर्वांत लांब दिवस सोमवारच का वाटतो, ते मला त्या पावसाळ्यात कळलं.

मी त्याच्या प्रेमात पडले होते. सरळ सांगते, कारण आडवळणाने सांगायचा माझा स्वभाव नाही. पण त्याला मात्र ते मला सांगता येत नव्हतं. दहा महिने होत आले तरी आमचं अहो-जाहोच चाललं होतं. 'तू' कुणी आधी म्हणायचं, यावर घोडं अडलं होतं. आणि मनात एक भीती घर करून बसली होती. पाच नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा. नवस फिटला की माझी जीभ मोकळी. मग हा कशाला येईल? गुरुवारचं गणित मी रोज मांडायचे, रोज मोडायचे. गुरुवारी येतो म्हणजे माझ्यासाठी येतो... की फुकट घावनासाठी?

दिवाळीला तो चार दिवस घरी गेला आणि परतला तो वेगळाच होऊन.

आला साडेनऊलाच. घास घेतला, पण माझ्यासमोर उभा राहून नाही. "बसून खातो," म्हणत खिडकीखाली, मला दिसणार नाही असा बाकावर टेकला. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "तिरफळ थोडं जास्त." बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी, "लसूण करपलाय." तेही बरोबर. पण नजर माझ्याकडे नाही, बोलणं दोन शब्दांचं, आणि डबा भरून देते म्हटलं तर "नको, पोट बरं नाही." मला वाटलं, घरच्यांनी मुलगी दाखवली असणार. दुसरं काय असतं दिवाळीत? मी कोथिंबीर आणखी बारीक चिरली.

अशातच अनिल सरांचा फोन आला. मुंबईच्या हॉटेलातले माझे मुख्य शेफ. मी नोकरी सोडताना ते म्हणाले होते, "फूड ट्रक? वर्षाच्या आत परत येशील." ते गणपतीपुळ्याला निघाले होते, वाटेत बुधवारी दुपारी माझ्याकडे जेवणार होते. वर्ष व्हायला एक आठवडा बाकी होता. मला त्यांच्या तोंडून फक्त दोन शब्द ऐकायचे होते, 'छान झालंय.'

त्या बुधवारी मी पहाटे बंदरावर जाऊन स्वतः बांगडे निवडले. रस्सा केला, मीठ घातलं, मासे सोडले. साडेनऊला सुजय आला.

"आज नीट बघा हं," मी म्हटलं. "आज माझी परीक्षा आहे."

तो काहीतरी बोलणार असल्यासारखा थांबला. मग वाटी घेऊन बाकावर गेला. खालून आवाज आला, "झकास."

'झकास' हा शब्द त्याने आजवर कधी वापरला नव्हता. तिथेच मला कळायला हवं होतं.

अनिल सर आले, कौतुकाने गाडी पाहिली, बाकावर बसले. पहिला घास घेतला. मग सोलकढी प्यायली. दुसरा घास. पुन्हा सोलकढी. तिसऱ्या पेल्यानंतर त्यांनी थाळी हलकेच बाजूला केली.

"वाटण उत्तम जमलंय," ते म्हणाले. "पण आज मीठ कुणी बघितलं?"

मागून गोदूबाई पुटपुटल्या, "मी लावलेलां हां बांगड्यांना. उन्हात ऱ्हायले तर खराब व्हतील म्हणून." म्हणजे मासे खारवलेले, आणि वरून माझा मीठ घातलेला रस्सा.

"दुसऱ्याच्या जिभेवर स्वयंपाकघर चालत नाही, ज्ञानेश्वरी," सर म्हणाले. रागावून नाही, मायेने म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

ते गेल्यावर गोदूबाईंनी सुरी धुतली, पुसली आणि हळूच सांगितलं, "तुला सांगू काय... त्यो खातच नाय गो. चार दिस बघतंय मी. वास घेतो नि घास मांजराला घालतो."

मी बाकाखाली वाकून पाहिलं. गाडीवरचं पिवळं मांजर तिथे पसरलं होतं. ते चार दिवसांत चांगलंच जाडजूड झालं होतं.

संध्याकाळी साडेपाचला तो धावत आला, परीक्षेचं काय झालं ते विचारायला.

"तू खोटं बोललास!"

पहिलं 'तू' असं निघालं. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"ज्ञानेश्वरी, ऐका..."

"वासावर? दहा महिने ज्या जिभेवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, ती जीभ माझं अन्न मांजराला घालून 'झकास' म्हणते? मिठाला वास नसतो, सुजय!"

"मला सांगायचं होतं, पण..."

"पण काय?"

त्याने तोंड उघडलं. रांगेतल्या आठ माणसांकडे पाहिलं, गोदूबाईंकडे पाहिलं, कानापर्यंत लाल झाला आणि तोंड मिटलं.

"जा," मी म्हटलं. "उद्यापासून येऊ नकोस."

तो गेला. दुसरा दिवस गुरुवार होता. साडेनऊ वाजले, दहा वाजले. मी घावनं घातली, ती मला बेचव लागली, आणि कळेना की चूक पिठात आहे की माझ्यात.

पाच तारखेला त्रिपुरी पौर्णिमा आली. संध्याकाळी भैरीच्या देवळात दिवे लागले, आईने नारळ फोडला, मला जवळ घेतलं. "फिटला गो तुझा नवस."

"म्हणजे आता मासा खाऊ?"

"आज पौर्णिमा. आज कसा खाशील?"

"मग उद्या."

"उद्या गुरुवार."

देवाने आणखी दोन दिवस काढून घेतले. एक वर्ष तोंडाला पाणी सुटत होतं, पण खरं सांगते, त्या दोन दिवसांचं मला काहीच वाटलं नाही. मला माशाची भूक नव्हती.

शुक्रवारी सकाळी तिखलं केलं. चमचा भरला, तोंडाजवळ नेला. आता ना आईचा फोन येणार होता ना देव आडवा येणार होता. घड्याळात साडेनऊ झाले होते. बाकावर फक्त मांजर होतं. चमचा माझ्या हातून पुढे जाईना.

"गोदूबाई, तो आज कुठे असेल?"

"माज्या नणंदेच्या दिरांची मोजणी हाय आज. गोळपच्या सड्यावर." त्यांनी जराही वेळ लावला नाही, जणू सकाळपासून मी विचारण्याचीच वाट बघत होत्या. "जा. मी बघतंय गाडीकडं. कोण आला तर सांगन, बरां हाय."

मी डबा भरला, स्कूटर काढली. राग गेला नव्हता. खरं तर भांडायलाच निघाले होते. पण डब्यात भाकऱ्या दोघांच्या होत्या.

सड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळी पठारावर, गवत सोनेरी वाळलं होतं, मधून काळा कातळ दिसत होता. भिकाजी आणि विठू नावाचे दोन म्हातारे भाऊ बांधाच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, आणि मध्ये काठी धरून सुजय उभा होता. मला बघून काठी कलली.

"साहेब, काठी सरळ धरा!" भिकाजीकाका ओरडले.

मी डब्याचं झाकण काढलं आणि घास त्याच्यापुढे धरला. "वर्षाने पहिला घास खातेय. एकटीने खाववला नाही. आज तोंडात घाल आणि खरं सांग. मग मी जाते."

त्याने घासाकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलंय की काय, असं मला वाटलं. पण त्याने मान हलवली. "मला नाही खाता येणार."

"एवढं वाईट रांधते मी?"

"नाही हो... नाही गं!" त्याने काठी खाली ठेवली. "आईने... दिवाळीत मला विचारलं, तुला सगळ्यात जास्त काय आवडतं? मी म्हटलं, भाट्याच्या गाडीवरचं तिखलं. मला काय माहीत कशाला विचारतेय! तिने सरळ देवीपुढे जाऊन नवस बोलून टाकला..."

"कसला नवस?"

"पोराचं लग्न जमेपर्यंत तो म्हावऱ्याला तोंड लावणार नाही."

वारा गवतातून सरसरत गेला. मी तशीच हात पुढे करून उभी.

"मग मला सांगायचं!"

"काय सांगणार? आता चव घेता येत नाही म्हटलं असतं तर साडेनऊला यायचं कारण गेलं असतं. आणि नवसाचं कारण सांगितलं असतं तर... लग्नाचं बोलावं लागलं असतं. रांगेपुढे?" तो खाली बघत म्हणाला, "तीन दिवस नाकाने निभावलं. चौथ्या दिवशी मीठ. चुकलो मी. तुझ्या परीक्षेच्या दिवशी तरी खरं बोलायला हवं होतं."

मला हसू यायला लागलं. आधी थोडं, मग आवरेना. एका आईने माझी जीभ बांधली होती आणि दुसऱ्या आईने त्याची, आणि आम्ही दोघं गाढवासारखे माशाच्या भांड्यापुढे उपाशी उभे होतो.

"मग तुझा नवस कधी फिटणार?" मी विचारलं.

"लग्न जमलं की."

"जमायला काय लागतं? सरकारी नकाशा?"

"मुलीने हो म्हणायला लागतं."

"मुलीला कुणी विचारलंय?"

तो एक पाऊल पुढे आला. "ज्ञानेश्वरी... मी गुरुवारी कशाला यायचो, तुला कळायचं ना?"

"कळायचं. पण मला ऐकायचंय."

"तुझ्यासाठी यायचो. घावनं मला अजिबात आवडत नाहीत."

"हो," मी म्हटलं. डोळे भरून आले आणि मी पुन्हा म्हटलं, "हो म्हणतेय मी. हात दुखायला लागला माझा, खा आता!"

"थांबा, थांबा!" विठूकाका मध्ये पडले. "असा नाय चालायचा. नवस आयशीचा हाय. आयशीनं जमला म्हटलां पायजे."

"बरोबर बोलतोय तो," भिकाजीकाका म्हणाले. त्या दोघांचं एकमत झालेलं सड्याने बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं.

सुजयने फोन लावला. रेंज एका दगडावर उभं राहिल्यावरच यायची, म्हणून तो दगडावर, मी खाली, हातात घास. स्पीकरवर मैनाबाईंचा, म्हणजे त्याच्या आईचा आवाज आला, "काय रं? ह्या वेळेला?"

"आई, लग्न जमलं."

"कुणाचां?"

"माझं."

"पोर काय करते?"

"भाट्याला तिची गाडी आहे. तिखलं करते."

"त्याच गाडीवरची?" आणि मग मैनाबाई हसल्या, अगदी मोकळं हसल्या. "मग मी देवीला चुकीचां काय मागितलां? खा रं बाबा, खा. तिलाबी सांग, आयशीनं खा म्हटलांय."

तो दगडावरून उतरला. मी घास त्याच्या तोंडात घातला आणि दुसरा माझ्या. वर्षभराने. तिरफळ, सोलं, बांगडा... डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा तो माझ्याकडे बघत होता, तसाच, महिन्यातून एखाद्या वेळी बघायचा तसा. पण या वेळी त्याच्या कपाळावर बारीकशी आठी होती.

"बोल," मी म्हटलं. "जे असेल ते."

"आज नको."

"सुजय!"

"...मीठ कमी आहे."

मी पुन्हा चाखलं. माझी स्वतःची जीभ आता माझ्याजवळ होती, कुणाला विचारायची गरज नव्हती. मीठ कमीच होतं. एवढ्या भांड्याला, पाऊण चमचा.

भिकाजीकाकांनी आपली न्याहारीची पिशवी उघडून मिठाची पुडी काढली, विठूकाकांनी त्यांच्या पिशवीतून कांदा काढला, आणि आम्ही चौघं त्या भांडणाच्या बांधावरच जेवायला बसलो.

"आता तुला माझी गरज नाही," तो भाकरी मोडत हळूच म्हणाला. "चव तुझी तू बघशील."

"बघेन," मी म्हटलं. "तू साडेनऊला ये."